आयमॅकच्या पोटातली डिस्क: चुंबक, डिंक आणि डाग

म्हापसा-मडगावचे छापखाने, पणजीतले डिझाइन स्टुडिओ, किनारपट्टीवरच्या हॉटेलांचे काउंटर. अशा ठिकाणी 2009 ते 2017 या काळातले आयमॅक, म्हणजे पडद्याच्या मागेच सगळा संगणक असलेली ॲपलची यंत्रे, अजून रोजच्या कामात दिसतात. पडदा नव्या मॉनिटरला लाजवेल असा, प्रोसेसरही तग धरून. पण सकाळी बटण दाबले की डेस्कटॉप येईपर्यंत चहा पिऊन होतो. दोष बहुतेक वेळा एकाच भागाचा असतो, तो म्हणजे फिरती हार्ड डिस्क. तिचे वाचन-टोक हवी ती जागा गाठायला दहाएक मिलिसेकंद घेते, तर एसएसडीला, म्हणजे काहीही न फिरता चिपांवर साठवणाऱ्या डिस्कला, त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. ती बदलायची म्हटले की कारागीर आधी एकच गोष्ट विचारतो: यंत्र कुठल्या सालचे?

सालाला एवढे महत्त्व का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. पहिला आयमॅक 15 ऑगस्ट 1998 रोजी विक्रीला आला. 15 इंची काचनळीचा पडदा आणि आत 4 जीबीची डिस्क. पुढे 2004 च्या आयमॅक जी5 मध्ये तर कमालच होती. यंत्र पडद्यावर पालथे घालायचे, तळाचे तीन स्क्रू सैल करायचे, की मागचे झाकण डब्यासारखे उचलून निघे. सुटे भाग ग्राहकाने घरीच बसवावेत म्हणून ॲपल स्वतः सूचनापत्रके देत असे. हा मोकळेपणा वर्षभरच टिकला. ऑक्टोबर 2005 मध्ये कॅमेरा असलेले मॉडेल आले आणि आत शिरण्याची वाट मागून पुढे गेली. ती पुढेच राहिली.

ऑगस्ट 2007 मध्ये ॲल्युमिनियमची चौकट आली आणि पुढची काच चुंबकांवर बसू लागली. 2009 च्या अखेरीस आलेल्या 21.5 आणि 27 इंची यंत्रांतही हीच रचना होती, ती 2011 पर्यंत चालली. काचेच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर रबरी सक्शन कप लावून ओढले की काच सुटते. खाली टी-10 टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराची खाच असलेल्या, स्क्रूंनी आवळलेला पडदा. काचेला धरणारी चुंबकेच हे स्क्रू पाना काढताक्षणी ओढून घेतात आणि स्क्रू कडेच्या फटीत जातो, म्हणून हातात चिमटा हवाच. 27 इंचीमध्ये पडद्याला चार बारीक केबली असतात. पडदा झटक्यात उचलला तर जोडणी बोर्डावरूनच उपटून येते. यंत्र उघडले की आतला पॉवर सप्लाय झाकलेला नसतो. वायर काढून पाचदहा सेकंद पॉवरचे बटण दाबून धरावे आणि तरीही त्या बोर्डाला हात लावू नये.

या पिढीची खरी गोम तापमानात आहे. डिस्क किती तापली ते कळल्यावर पंखा किती फिरवायचा हे ठरते. 2007-08 च्या यंत्रांत सेन्सर डिस्कच्या अंगावर चिकटवलेला होता. तो सोडवून नव्या डिस्कवर चिकटवला की काम झाले. 2009-10 मध्ये सेन्सरची वायर थेट डिस्कच्या पिनांवर गेली आणि डिस्कच्या कंपनीनुसार तिचे टोक वेगळे झाले. 2011 मध्ये त्याहून पुढची पायरी: तापमानाचा संकेत पॉवरच्या केबलीतूनच जाऊ लागला, तोही ॲपलचे फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतले सॉफ्टवेअर, असलेल्या डिस्ककडूनच. बाजारातली साधी डिस्क किंवा एसएसडी लावली की संकेत येत नाही, मग यंत्र भीतीपोटी पंखा पूर्ण वेगाने सोडते. दुकानात मिक्सर लावल्यासारखा आवाज येतो आणि ग्राहकाला वाटते, नवी डिस्कच खराब निघाली. इलाज दोन आहेत: सेन्सर बसवलेली तयार केबल मधे जोडायची, किंवा पंख्याचा वेग हातात घेणारे सॉफ्टवेअर टाकायचे. पहिला बरा, कारण सिस्टम नव्याने टाकली की सॉफ्टवेअर जाते आणि पंखा पुन्हा ओरडू लागतो.

योगायोग असा की डिस्का दगावल्याही याच पिढीत. सीगेटच्या 1 टीबी डिस्का मोफत बदलून देण्याची योजना ॲपलने 2011 मध्ये जाहीर केली आणि ऑक्टोबर 2012 मध्ये ती ऑक्टोबर 2009 ते जुलै 2011 दरम्यान विकलेल्या यंत्रांपर्यंत वाढवली. जुने यंत्र विकत घेताना आतली मूळ डिस्क बदललेली आहे का, हे विचारायचे ते म्हणूनच.

त्याच महिन्यात, 23 ऑक्टोबर 2012 ला, कडेला 5 मिलिमीटर जाडीचा आयमॅक आला. काच आणि पडदा एकजीव झाले आणि चुंबकांची जागा फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने घेतली. आता आत जायचे तर कडेने चाकासारखे हत्यार फिरवून पट्टी कापायची. चाकाचा गाभा त्याला ठरावीक खोलीपुढे जाऊ देत नाही, म्हणून सुरीने हे काम करू नये. वर मध्यभागी कॅमेरा आहे, तिथे हात हलका ठेवावा. खालची बाजू कापायची नसते. पडदा वरून जेमतेम बोटभर पुढे झुकवून आत हात घालायचा, पॉवरची जोडणी आणि धातूच्या कडीने अडकवलेली डेटा केबल सोडवायची, मगच पडदा उचलायचा. 21.5 इंचीमध्ये 2.5 इंची, 5400 फेऱ्यांची डिस्क मिळते, 27 इंचीमध्ये 3.5 इंची. एसएसडीला तिथे चौकट लागते.

मात्र याच 2012 च्या मॉडेलात यूएसबी 3 आले, आणि गंमत इथेच आहे. सहज उघडणाऱ्या 2009-11 च्या यंत्रांत यूएसबी 2 आहे, सेकंदाला तीसेक एमबी. यूएसबीवर बाहेरून एसएसडी लावून ते धावत नाही, ती आत बसवणेच बरे. उघडायला अवघड असलेल्या 2012 नंतरच्या यंत्रांना मात्र बाहेरची एसएसडी यूएसबीवरून चारशेच्या आसपास वेग देते आणि त्यावरून सिस्टमही सुरू होते. काचेला आधीच तडा असेल किंवा काम चवथीच्या निमंत्रणपत्रिकांच्या तोंडावर आले असेल, तर आम्ही चाक हातात न घेता बाहेरचीच डिस्क सुचवू. फक्त तिची केबल झाडू मारताना निघणार नाही अशी बांधावी.

फ्यूजन ड्राइव्हची वेगळी काळजी. 2012 मध्ये 128 जीबी फ्लॅश (एसएसडीसारखीच चिपांची साठवण) आणि मोठी फिरती डिस्क मिळून एकच डिस्क असल्यासारखी दिसू लागली, तीच ही जोडी. 2015 मध्ये 1 टीबीच्या जोडीतली फ्लॅश 24 जीबीवर आली. जोडीतला एक भाग गेला की सगळा मजकूर जातो, म्हणून डिस्क काढण्याआधी बॅकअप घ्यायचाच. फ्लॅशची पट्टी मुख्य बोर्डाच्या मागे असते, ती बदलायला बोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि काही 21.5 इंची यंत्रांच्या बोर्डावर तिचा सॉकेटच नसतो. सॉकेटही ॲपलचा खास, बाजारातली एम.2 एनव्हीएमई पट्टी (पट्टीच्या आकाराची वेगवान एसएसडी) त्यात अडॅप्टरनेच बसते, तीही 2013 नंतरच्या यंत्रात आणि हाय सिएरा ही ॲपलची सिस्टम किंवा तिच्या पुढची असेल तरच. 2011 ची यंत्रे अधिकृतपणे हाय सिएरापर्यंतच जातात, 2012-13 ची कॅटालिनापर्यंत, 2017 ची व्हेंचुरापर्यंत. 27 इंचीच्या 2020 च्या मॉडेलात साठवण बोर्डाला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवली आणि 2021 च्या एम1 यंत्रातही तेच.

गोव्याच्या हवेत एक गोष्ट वेगळी करावी लागते. पावसाळ्यात दमटपणा 80 टक्क्यांच्या वर असतो आणि नवी चिकटपट्टी ओलसर कडेला नीट धरत नाही. म्हणून एसी लावून खोली कोरडी करावी, जुन्या पट्टीचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून कड पूर्ण सुकू द्यावी. आणि पट्टी लावण्याआधी पडदा साध्या कागदी टेपने तात्पुरता धरून यंत्र एकदा सुरू करावे: डिस्क दिसते का, पडदा उजळतो का, पंखा शांत आहे का. केबलीची कडी नीट न बसल्याने पडदा काळा राहिला, तर टेप काढून दोन मिनिटांत दुरुस्त होते; चिकटपट्टी लागली असेल तर तीही गेली आणि अर्धा दिवसही.