उतारा (चिपनिर्मितीतील)

सिलिकॉनच्या वेफरवर (पातळ चकतीवर) घडवलेल्या चिपांपैकी चाचणीत निर्दोष ठरलेल्या चिपांचे शेकडा प्रमाण. या प्रमाणाच्या इंग्रजी ‘यील्ड’ या नावाला ‘उत्पन्न’ म्हटले की ताळेबंदात महसुलाशी गल्लत होते, म्हणून साखर कारखानदारीमुळे कोल्हापूर भागात घरोघरी माहीत असलेला ‘उतारा’ (उसातून निघालेल्या साखरेचे शेकडा प्रमाण) येथे घेतला आहे. (सातबाराचा उतारा निराळा.) उसाची एफआरपीही (सरकारने ठरवलेला किमान दर) उताऱ्यालाच बांधलेली असते : २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्क्यांना क्विंटलमागे ३५५ रुपये. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला (धातूच्या ओतशाळेतला) ‘यील्ड’ मात्र इथे लागू पडत नाही. तिथे ओतलेल्या धातूच्या वजनाशी कास्टिंगचे वजन ताडतात. शिवाय रिजेक्ट कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते. बाद चिप बादच. पूर्वी तिच्यावर शाईचा ठिपका देत, आता संगणकीय नकाशात नोंद होते.

सूत्रे : दोष वेफरभर स्वैर विखुरलेले मानल्यास प्वासाँ वितरण (स्वैर घटनांच्या संख्येचे संभाव्यतेचे गणित) लागू होते. दोषघनता (दर चौ. सेंमी.मागचे दोष) सर्वत्र सारखी नसते, हे धरून मर्फी या संशोधकांनी १९६४ मध्ये वेगळे सूत्र मांडले. चिपमागे सरासरी ३ दोष असता प्वासाँनुसार उतारा सुमारे ५ टक्के, तर मर्फींनुसार सुमारे १० टक्के येतो. सीड्स या आणखी एका संशोधकाच्या नावावर दोन भिन्न सूत्रे छापलेली आढळतात. दोषांचे पुंजके विचारात घेणारे आयबीएमच्या स्टॅपर यांचे, बहुधा १९७० च्या दशकात रूढ झालेले सूत्र अधिक ग्राह्य वाटते. त्यातला पुंजकांक (दोष किती पुंजक्यांनी येतात ते सांगणारा आकडा) मात्र ज्या-त्या कारखान्याच्या नोंदींवरूनच काढावा लागतो.

मिळकतीचा अंदाज : ३०० मिमी. वेफरवर १ चौ. सेंमी.च्या सुमारे ६४० चिपा बसतात. दोषघनता चौ. सेंमी.ला ०.५ वरून ०.१ वर आली, तर प्वासाँनुसार निर्दोष चिपा सुमारे ३८८ वरून ५७९ होतात. वेफरचा खर्च तोच राहिल्याने चिपमागचा खर्च एक तृतीयांशाने उतरतो. नवी यंत्रे बसवून केलेल्या क्षमतावाढीचे तसे नाही. यंत्रे चालू होताच घसारा सुरू होतो, वेफर कमी निघाले तरी. म्हणून नव्या प्रक्रियेच्या आरंभी ढोबळ नफ्याचा टक्का घसरतो. टीएसएमसी ही तैवानची चिपनिर्माती कंपनी पुढील तिमाहीच्या महसुलाबरोबर या टक्क्याचाही अंदाज देते. उताऱ्याचे नेमके आकडे कंपन्या सहसा उघड करीत नाहीत. ते या टक्क्यावरून ताडावे लागतात. इंटेलने एप्रिल २०१८ मध्ये उताऱ्याचेच कारण देऊन १० नॅनोमीटर चिपांचे मोठे उत्पादन २०१९ वर ढकलले. वेफरच्या दराने करार असल्यास वाढत्या उताऱ्याचा लाभ प्रथम ग्राहकाला मिळतो. मेमरी चिपांत सर्वच उत्पादकांचा उतारा वाढला, की भाव पडतात.