भुयारी मेट्रो, मुंबई (मार्गिका ३)

कुलाबा–वांद्रे–सिप्झ (अंधेरीतील निर्यात औद्योगिक क्षेत्र) मार्ग. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाकडील कफ परेडपासून आरेपर्यंत (जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता) जाणारा मेट्रो रेल्वेमार्ग. लांबी सुमारे ३३.५ किमी., स्थानके २७. त्यांपैकी आरे हे एकच जमिनीवर असून बाकीची २६ भुयारी आहेत. बांधणी व संचालन मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन या केंद्र व राज्य शासनांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेल्या कंपनीकडे आहे. खर्चाचा मोठा भाग जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या (जायका) कर्जातून उभा राहिला. मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. तो आधी ३३,४०० कोटींच्या पुढे आणि अखेरीस ३७,२७० कोटींच्या आसपास गेला.

कल्पनेचा उगम : मुंबईत भुयारी रेल्वे असावी हा विचार नेमका केव्हापासूनचा, याविषयी एकमत नाही. काही लेखक तो १९६० च्या दशकाअखेरीस रेल्वे मंत्रालयाने महानगरांसाठी स्थापन केलेल्या परिवहन प्रकल्प कार्यालयांपर्यंत मागे नेतात. कलकत्त्याच्या मेट्रोचा पाया याच कार्यालयांपैकी एकाने घातला (पायाभरणी १९७२, पहिला टप्पा २४ ऑक्टोबर १९८४). मुंबईच्या कार्यालयाने उपनगरी रेल्वेला पूरक अशा सहाव्या व सातव्या मार्गिकांचे आराखडे केले होते आणि त्यांत भुयारी भागही होते. या आराखड्यांना प्रस्तुत मार्गाचे पूर्वज मानण्याकडे वृत्तपत्रीय लेखनाचा कल दिसतो. तथापि त्या आराखड्यांचा हेतू जुन्या व्यापारी पेठेतील गर्दी वाटून देण्याचा होता. विमानतळ, वांद्रे–कुर्ला संकुल आणि सिप्झ या ज्या तीन ठिकाणांमुळे मार्गिका ३ ला आजचे वळण मिळाले, ती त्या काळच्या वाहतुकीच्या नकाशावर महत्त्वाची नव्हती किंवा अस्तित्वातच नव्हती. म्हणून उगम २००३–०४ च्या बृहद् आराखड्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासाठी केलेल्या या आराखड्यात एकूण १४६.५ किमी. लांबीचे मार्ग होते.

येथेही एक गुंतागुंत आहे. त्या आराखड्यातील तिसरा मार्ग वांद्रे–कुर्ला–मानखुर्द हा होता; कुलाब्याचा मार्ग दुसऱ्या क्रमांकाचा असून तो वांद्र्याहून चारकोपकडे जात होता व त्याचा दक्षिणेकडील भागच भुयारी होता. पुढील फेररचनेत चारकोप–वांद्रे–मानखुर्द असा एक मार्ग झाला, कुलाबा–माहीम हा तुकडा सुटा निघाला आणि तोच उत्तरेकडे वाढवत सिप्झपर्यंत नेण्यात आला. जुनी कागदपत्रे वाचताना ‘मार्गिका २’ आणि ‘मार्गिका ३’ हे क्रमांक कोणत्या वर्षीचे आहेत ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुय्यम साधनांतील बरेच घोटाळे येथूनच निघालेले आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०१३ मध्ये मिळाली. स्थापत्यकामाचे सात भाग करून २०१६ मध्ये ठेके देण्यात आले.

भूरचना : मुंबई बेसाल्टवर उभी आहे आणि बेसाल्ट कठीण व एकसंध असतो, म्हणून येथे भुयार खोदणे नदीकाठच्या गाळाच्या शहरांपेक्षा सोपे, असे ढोबळ विधान वारंवार केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मुंबई बेटाच्या पोटात बेसाल्टबरोबरच ज्वालामुखी राखेपासून झालेला टफ, कोणाश्म आणि लाव्हांच्या दोन थरांमध्ये उथळ पाण्यात साचलेले शेलसारखे अंतरा-ट्रॅपी थर आहेत. वरळीच्या अशाच थरांतील बेडकांचे जीवाश्म रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये वर्णिले होते (आजचे नाव इंडोबॅट्राकस पुसिलस). बेडूक जगतील असे गोडे, उथळ पाणी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात येथे होते, असा त्याचा अर्थ. अभियंत्याच्या लेखी अर्थ निराळा : कठीण बेसाल्टखाली किंवा वर मऊ, थरथरांनी सुटणारा, पाणी लागताच भुसभुशीत होणारा पट्टा केव्हाही भेटू शकतो.

या खडकांचे वय हा वादाचा विषय आहे. दक्षिण ट्रॅपचे (दख्खन पठारावरील लाव्हाथरांच्या मालिकेचे) मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. जुन्या ग्रंथांत मुंबईचे खडक त्याच मालिकेच्या वरच्या भागात सरसकट घातलेले दिसतात. नंतरच्या किरणोत्सर्गी कालमापनांवरून मुंबई परिसरातील काही खडक, उदा. गोराईकडील ट्रॅकाइट व अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचा स्तंभाकार बेसाल्ट, साधारणतः ६.३ ते ६ कोटी वर्षांचे म्हणजे मुख्य उद्रेकांनंतरचे ठरतात. हे दुसरे मत आता अधिक ग्राह्य आहे. घाटावरील थर जवळजवळ आडवे असताना मुंबईतील थर पश्चिमेकडे साधारणतः १० ते १५ अंशांनी कललेले का, याबद्दलही दोन पक्ष आहेत : एक पक्ष त्याला किनाऱ्याला समांतर असलेली कवचाची वळी समजतो (ती ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावाने प्रसिद्ध आहे), तर दुसरा किनारी विभंगांवर (खडकांतील तुटींवर) खडकांचे गट घसरल्याने आलेला कल मानतो.

बोगद्यापुरते पाहिले तर कल कशामुळे आला यापेक्षा तो कोणत्या दिशेला आहे याला महत्त्व. मार्गिका ३ चा बराचसा भाग दक्षिणोत्तर आहे, म्हणजे थरांच्या कलाला जवळजवळ काटकोनात. थर कलाच्या दिशेने छेदले गेले असते तर बोगदा खणणाऱ्या यंत्राला एक मऊ पट्टा थोड्या अंतरात ओलांडून पुढच्या खडकात शिरता आले असते. येथे एकदा दोन थरांची सीमा तोंडावर आली की ती बराच काळ सोबत राहते. यंत्राच्या तोंडाशी फिरणाऱ्या मोठ्या चकतीच्या वरच्या भागाला एक खडक, खालच्या भागाला दुसरा. कठीण बाजूला तिच्यावरील छोट्या कापणी चकत्या झिजतात आणि मऊ बाजू ढासळू पाहते. शिवाय जुळ्या बोगद्यांत १५ मीटरचे अंतर धरले तरी पश्चिमेकडील बोगद्यात तोच थर अडीच ते चार मीटर खाली सापडतो, म्हणून एका बोगद्याचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

या खडकांच्या वर काही ठिकाणी माणसाने केलेली जमीन आहे. महालक्ष्मी–वरळी दरम्यानची खाडी १७८० च्या दशकात बांध घालून बंद झाली (बांधाच्या पूर्णतेचे वर्ष सामान्यतः १७८४ दिले जाते), तर कफ परेड व विधान भवन परिसर विसाव्या शतकातील भरावांचा आहे. या ठिकाणी वरचे काही मीटर भराव व सागरी चिकणमाती असून पाण्याची पातळी उंच आहे. बोगदा खाली खडकातून जातो. स्थानकाच्या खड्ड्याला मात्र हे वरचे थर टाळता येत नाहीत.

भुयारीकरण : मार्गावर १७ बोगदा खनन यंत्रे (टीबीएम) वापरण्यात आली व त्यांना वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तानसा, सूर्या, तापी अशी नद्यांची नावे देण्यात आली. यंत्रे एकाच जातीची नव्हती. प्रत्येक बांधकाम गटाने आपल्या भागातील पाहणीनुसार निवड केली. फिरत्या चकतीने खडक फोडणे, राडारोडा मागे पाठवणे आणि यंत्राच्या पोलादी कवचाच्या आत काँक्रीटच्या सेगमेंटांचे (वक्र तुकड्यांचे) कडे बसवून त्यामागची पोकळी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरणे असा कामाचा क्रम असतो. तयार बोगद्याचा आतील व्यास ५.८ मी. आहे. जमीन खचण्याचा धोका मुख्यतः या पोकळीशी निगडित असतो : कवच पुढे सरकल्यावर ग्राउट उशिरा वा अपुरे गेले तर वरचा थर त्या फटीत बसतो. मुंबईच्या खडकात हा परिणाम थोडा, गाळाच्या जमिनीत तो मोठा. कोलकात्याच्या बहूबाजार भागात ऑगस्ट २०१९ मध्ये यंत्राने पाण्याचा साठा फोडल्यावर घरे खचली होती. मुंबईतील पाण्याचा शिरकाव बहुधा सांध्यांतून व भेगांतून होतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये यंत्र प्रथम आरपार निघाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी महालक्ष्मी येथे तानसा यंत्र बाहेर पडले तो असा ४२ वा व शेवटचा प्रसंग. म्हणजे पन्नास किलोमीटरहून अधिक बोगदे साधारण पाच वर्षांत खणून झाले, पण पूर्ण मार्ग त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी सुरू झाला. प्रकल्पाचा वेळ यंत्रांनी खाल्ला हा समज या तारखांपुढे टिकत नाही. धारावी व वांद्रे–कुर्ला संकुल यांदरम्यान मार्ग मिठी नदीखालून जातो. तेथे यंत्राने केलेल्या जुळ्या बोगद्यांखेरीज आणखी एक बोगदा एनएटीएम पद्धतीने, म्हणजे थोडा थोडा भाग खणून लगेच आधार देत, काढण्यात आला.

स्थानके : बहुतेक स्थानके वरून खड्डा खणून बांधली आहेत. कडेने एकमेकांत शिरणाऱ्या काँक्रीट खांबांची भिंत (सेकंट पाइल), खाली खडकात बोल्ट व फवारलेले काँक्रीट, आणि रस्ता चालू ठेवण्यासाठी वर पोलादी पाटांचे आच्छादन अशी ही रीत आहे. काही ठिकाणी नियंत्रित सुरुंगही वापरले गेले. रस्त्याखालचे पाणी, मल, वायू, वीज व दूरध्वनी यांचे जाळे आधी हलवावे लागे, आणि जुन्या नकाशांत न दाखवलेल्या वाहिन्या खणतानाच सापडत.

काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, हुतात्मा चौक अशा सात स्थानकांना रस्त्याची रुंदी पुरेना. तेथे फक्त एक कूपक (विहिरीसारखा उभा खड्डा) आणि प्रवेशांपुरती जागा वरून उघडून फलाट एनएटीएमने आतल्या आत काढण्यात आले. तरीही गिरगाव–काळबादेवीत काही जुन्या इमारती व चाळी पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी दूर उपनगरात जाण्यास नकार दिला व त्याच भागात नव्या इमारती बांधून पुनर्वसन करण्याचे ठरले. त्या भागातील मराठी वस्ती आधीच विरळ होत असल्याने हा विरोध केवळ घरांपुरता नव्हता. त्याचा सामाजिक इतिहास मात्र अजून नीट लिहिला गेलेला नाही.

फोर्टमधील दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जे. एन. पेटिट संस्थेच्या इमारतीला (१८९८) हादऱ्यांनी इजा होईल म्हणून २०१७ मध्ये दाद मागण्यात आली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईत रात्री १० ते सकाळी ६ काम करण्यास मनाई केली. ती पुढील वर्षी अटींसह उठली. वाडियाजी (१८३०) व अंजुमन (१८९७) या दोन आतश बेहरामांजवळून (पारशांच्या सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिरांजवळून) जाणाऱ्या बोगद्याचा वाद याहून वेगळा होता. पारशी अर्जदारांचे म्हणणे इमारतींच्या सुरक्षिततेपुरते नसून अग्नीचे धार्मिक पावित्र्य व विहिरीचे पाणी यांविषयी होते. कंपनने मिलिमीटर प्रति सेकंदात मोजता येतात. पावित्र्यभंगाला तसे माप नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे पुरावे एकमेकांना भिडतच नव्हते. न्यायालयाने आधी काम थांबवले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थगिती उठवली. अशा इमारतींवर कलमापक, भेगमापक व खचणमापक बसवून नोंदी ठेवण्यात आल्या.

कारशेड : आरे येथे झाडे तोडून उभारायच्या कारशेडचा (गाड्या ठेवण्याच्या व दुरुस्तीच्या आवाराचा) वाद सर्वपरिचित आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्यावर त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्याच वर्षी नव्या राज्य शासनाने कामास स्थगिती दिली, २०२० मध्ये कांजूरमार्गची जागा निवडली व तेथील कामास डिसेंबरात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जुलै २०२२ मध्ये शासन बदलल्यावर काम पुन्हा आरेत आले. ८४ झाडे तोडण्याबाबतच्या परवानगीच्या पुढे जाऊन अधिक झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉर्पोरेशनला १० लाख रुपये दंड केला, पण १७७ झाडे काढण्यास मुभा दिली.

वाहतूक : आरे ते वांद्रे–कुर्ला संकुल (१२.६९ किमी., १० स्थानके) या टप्प्याचे उद्‌घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, आचार्य अत्रे चौकापर्यंतच्या टप्प्याचे (९.७७ किमी., ६ स्थानके) ९ मे २०२५ रोजी व कफ परेडपर्यंतच्या अखेरच्या टप्प्याचे (१०.९९ किमी., ११ स्थानके) ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. २६ मे २०२५ च्या अतिवृष्टीत आचार्य अत्रे चौक स्थानकात, बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाची संरक्षक भिंत कोसळून, पाणी शिरले व तेथील सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. गाड्या आठ डब्यांच्या असून त्या २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर चालतात. मरोळ नाका येथे हा मार्ग वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर या मार्गिका १ ला मिळतो.