सेट-मुंडू की कसवू साडी? कोकण-केरळ लग्नासाठी मागवण्याआधी

दोडामार्ग-सावंतवाडीकडे केरळहून आलेल्या रबर-अननसवाल्यांची घरं आता चांगली रुजली आहेत. तिथे सोयरीक जुळली की ‘पांढरी, सोनेरी काठाची साडी मागवा’ असा निरोप निघतो. या वर्णनात दोन वेगळी वस्त्रं बसतात. नेसल्यावर ती जवळपास सारखीच दिसतात, म्हणून फोटो पाठवूनही घोळ व्हायचा तो होतोच.

सेट-मुंडू म्हणजे दोन सुटे तुकडे, प्रत्येकी साधारण २.८ मीटर. खालचा मुंडू कमरेला गुंडाळतात. वरचं नेरियतु एका टोकाने खोचून डाव्या खांद्यावर टाकतात. कसवू साडी सलग साडेपाच मीटर, बहुधा ब्लाउजपीस जोडलेला, आणि तिला रुंद जरीपट्ट्याचा पदर असतो. दुकानात घडी उघडून पदर शोधा, म्हणजे शंका उरत नाही.

फरक कळतो तो काष्ट्याला. नऊवारीला सव्वाआठ मीटर कापड लागतं. सेट-मुंडूचे दोन्ही तुकडे शिवून जोडले तरी साडेपाचच्या आसपास भरतात, वर जोड निऱ्यांत दिसतो. सहावारीचा काष्टा कसवू साडीत बसतो, पण घोळ तोकडा पडतो. खरी नऊवारीच हवी असेल तर केरळातल्या बलरामपुरम, चेंदमंगलम किंवा कुत्तांपुळ्ळीच्या हातमागावर लांबी सांगून विणून घ्या. माग लावण्यापूर्वीच सांगावं लागतं, त्यामुळे लग्नाच्या आधी काही महिने हातात हवेत.

आमच्या मते पुडवा देण्याच्या विधीला (केरळी लग्नात नवरदेव नवरीला वस्त्र देतो तो) सेट-मुंडू आहे तसाच, कोरा ठेवावा. मुहूर्ताची पिवळी अष्टपुत्री मात्र साडीची करावी आणि तीही घरी रंगवावी. कापड मुळात ब्लीच न केलेलं असतं, त्यावर रासायनिक पिवळा चढवण्यात काय अर्थ?

नुसत्या हळदीच्या नादी लागू नका. उन्हात ती विटते आणि साबणाचा क्षार लागला की लाल डाग पडतात (कुंकू याच गुणावर बनतं). आमसुलाचा रंगही धुण्यात टिकत नाही. डाळिंबाची साल भरवशाची. वाळलेल्या ५०० ग्रॅम कापडाला हिरड्याची पूड १००, तुरटी १०० आणि सुकी साल ३०० ग्रॅम घ्या. आधी कापड रात्रभर भिजवून खळ पूर्ण काढा, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मग हिरड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून, न खळबळता पिळून सावलीत वाळवा. त्यानंतर विरघळवलेल्या तुरटीच्या पाण्यात काही तास. साल तासभर उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास सतत हलवत राहा. उकळी येऊ देऊ नका. भांड्यातच गार होऊ द्या.

इथला खास धोका पाण्याचा. जांभ्यातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं. ते हिरड्याशी मिळालं की पिवळ्याचं मळकट करडं होतं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. लोखंडी कढई, लोखंडी घमेलं अजिबात नको. स्टीलचं पातेलं घ्या. ब्लाउजपीस आधी रंगवून पाहा, रंगही कळतो आणि जरीचं काय होतं तेही.

जरीबद्दल एक गोष्ट. अस्सल कसवूत, म्हणजे या जरीकाठात, रेशमी धाग्याभोवती सोन्याचा मुलामा दिलेली चांदी असते. स्वस्तात तांब्याची किंवा चक्क प्लास्टिकची जर मिळते. सुटा धागा जाळून पाहा: वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. तांब्याची जर किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत काळवंडते. अस्सल जर परवडत नसेल तर रंगीत सुती काठाची साडी घ्या. पर्यावरणाचं नाव घेऊन प्लास्टिकचा काठ मिरवण्यापेक्षा ते बरं, आणि रंगवतानाही जरीची काळजी उरत नाही.

नवरदेवाचं थोडक्यात: दोन मीटरचा सिंगल मुंडू धोतरासारखा नेसता येत नाही. चार मीटरच्या आसपासचा डबल मागवा, त्याचा काष्टा घालता येतो.