दोरू खोऱ्यातल्या वाइनला दगडाची चव नसते

पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली वेल शिस्ट खडक शोषते आणि तीच चव पोर्ट वाइनमध्ये उतरते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. मुळं दगड शोषत नाहीत. पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियमसारखे क्षार घेतात. त्यांना शिस्टची अशी वेगळी चव नसते.

खडकाचं खरं काम पाण्याचं. पापुद्र्यापापुद्र्यांच्या या शिस्टला बऱ्याच ठिकाणी उभ्या फटी आहेत. पाऊस त्यांतून खोल मुरतो, मुळं मागोमाग उतरतात. पश्चिमेचा १,४१५ मीटर उंच माराव पर्वत अटलांटिकचे ढग अडवतो, म्हणून खोऱ्यात पाऊस कमी. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा वेल याच ओलीवर तगते.

आणि ही माती निसर्गाने आयती दिलेली नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिस्ट फोडून, दगडी बांध रचून ती उतारावर तयार केली. या श्रेयावर त्यांचाच हक्क आहे.