'के' लिहायचा, पण म्हणायचा नाही

"के-एन-आय-एफ-ई नाइफ, नाइफ म्हणजे चाकू. के-एन-ई-ई नी, नी म्हणजे टोंगळा." वऱ्हाडात झेडपीच्या शाळेवरून जाताना असा सूर कानावर पडतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी बहुतेकांची एबीसीडीशी गाठ पडायची ती थेट पाचवीत. रीत मात्र तीच: एका अक्षराचे शब्द एकाखाली एक, समोर अर्थ, आणि घोकंपट्टी. तालुक्याच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारे पोट्टेही हेच करतात.

ही मांडणी शब्दकोशातून आली. पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश रॉबर्ट कॉड्रीने १६०४ मध्ये काढला, शब्द अडीच हजारांच्या आसपास. 'ए'चा शब्द सुरुवातीला पाहा, 'व्ही'चा शेवटाकडे, हेसुद्धा त्याला वाचकांना समजावून सांगावं लागलं! मराठी माणसाच्या हाती मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला १८४७ मध्ये. शब्द सापडायला वर्णक्रम उत्तम. पण शब्दाचं कूळ त्याला विचारू नये.

'के-एन'चंच घ्या. पोरं विचारतात, म्हणायचा नाही तर 'के' लिहायचा कशाला? उत्तर बहुधा "सायलेंट आहे" एवढंच मिळतं. खरं तर पूर्वी इंग्रज तो 'क्' स्पष्ट उच्चारत. जर्मन लोक टोंगळ्याला, म्हणजे गुडघ्याला, आजही 'क्नी' म्हणतात. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास तोंडातला 'क्' गळाला. कागदावरचा राहिला.

हा 'क्' आपल्याही ओळखीचा आहे. 'नी' आणि संस्कृत 'जानु' एकाच मुळातून आले. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. 'नो' म्हणजे जाणणे, तो 'ज्ञा' धातूचा भाऊबंद. मूळचा 'ग' जर्मन कुळातल्या भाषांत 'क' झाला (इंग्रजी त्याच कुळातली), हे जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियमात बसवलं. आपल्याकडे त्याचा 'ज' झाला. नाइफला मात्र संस्कृतात असा सख्खा नातलग दाखवता येत नाही, तो उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांकडून इंग्रजीत शिरला.

'ए-एल'च्या पानावर तर निव्वळ बाजार भरलेला असतो. अल्जिब्रा, अल्कोहोल, अल्कली हे अरबी. त्यातलं 'अल' म्हणजे इंग्रजी 'द'. ऑलमोस्ट, ऑलरेडी हे अस्सल इंग्रजी 'ऑल'चे. अलार्म इटालियन, 'शस्त्रं उचला' ही आरोळी. आणि अलमिरा दिसायला अरबी, पण तो इकडच्या आलमारीवरून इंग्रजीत गेला, अन् आलमारी आपल्याकडे आली पोर्तुगीजांकडून. अलार्म आणि आलमारी या दोघांच्या मुळाशी एकच लॅटिन शब्द आहे: आर्मा, म्हणजे शस्त्रं.