व्हॉइस असिस्टंटविषयी ग्राहकांचा दृष्टिकोन

मोबाइल, स्मार्ट स्पीकर, मोटार किंवा टीव्ही यांना तोंडी आज्ञा देऊन काम करून घेण्याची संगणकीय सोय म्हणजे व्हॉइस असिस्टंट. ही सोय लोक का स्वीकारतात, कोणत्या कामांपुरती वापरतात आणि कोठे हात आखडता घेतात, याचा अभ्यास ग्राहकवर्तन, मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र या शाखांत केला जातो. पसंत की नापसंत, एवढ्या प्रश्नाने हा दृष्टिकोन उलगडत नाही. पोळ्या लाटताना कुकरसाठी दहा मिनिटांचा टायमर लावायला निःसंकोच सांगणारी व्यक्ती त्याच यंत्राला बँकेतील शिल्लक विचारायला तयार नसते, आणि यात विसंगती मुळीच नाही. काम चुकले तर काय बिघडेल आणि आपले बोलणे कोणाच्या कानी पडेल, हा हिशेब दोन्ही वेळा तोच असतो.

ॲपलने ऑक्टोबर 2011 मध्ये आयफोन 4एसबरोबर सिरी बाजारात आणली. नोव्हेंबर 2014 मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत अलेक्सा असलेला इको स्पीकर आणला आणि 2016 मध्ये गूगल असिस्टंट आले. यांपैकी स्पीकरच्या आगमनाने ग्राहकांच्या विचारात मोठा फरक पडला, कारण खिशातला फोन एका माणसाचा असतो, तर दिवाणखान्यातला स्पीकर घरातल्या सर्वांचे ऐकतो.

नवे तंत्रज्ञान लोक का स्वीकारतात, याविषयी फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या प्रतिमानात दोन घटकांना महत्त्व आहे : वस्तू उपयोगी वाटणे आणि ती वापरायला सोपी वाटणे. व्हॉइस असिस्टंटच्या बाबतीत दुसरा घटक फसवा ठरतो. बोलता सर्वांनाच येते, त्यामुळे सुरुवात सोपी असते. पण पडद्यावर बटणे नसल्याने यंत्राला काय येते आणि काय येत नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. एवा लुगर आणि ॲबिगेल सेलन यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 14 वापरकर्त्यांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यासात अपेक्षा आणि अनुभव यांतली हीच दरी दिसून आली. यंत्राच्या विनोदी उत्तरांमुळे त्याच्या समजेविषयी अवास्तव कल्पना तयार होतात, असे त्यांना आढळले. तंत्रज्ञानाची माहिती असलेले लोक चुका सांभाळून घेत वापर चालू ठेवत होते, तर इतरांचा वापर हळूहळू अगदी साध्या कामांपुरता उरत होता. गजर, हवामान, गाणी, क्रिकेटचा स्कोअर यांपुढे अनेक घरांतला वापर सरकत नाही, त्याचे कारण येथे सापडते.

खरेदीच्या बाबतीत ग्राहकांनी विशेष सावधपणा दाखवला आहे. तूरडाळ मागवताना भाव, वजन, पॉलिशची की बिनपॉलिशची, हे डोळ्यांनी ताडून पाहायचे असते आणि यादी वाचून दाखवणारा आवाज ते काम नीट करू शकत नाही. शिवाय ऑर्डर नकळत गेल्याचीही उदाहरणे आहेत. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेत डॅलस येथील सहा वर्षांच्या मुलीने स्पीकरशी बोलता बोलता बाहुलीघर मागवले. ही बातमी देताना सॅन डिएगोच्या टीव्ही वाहिनीवर तेच वाक्य उच्चारले गेले, तेव्हा प्रेक्षकांच्या घरांतले स्पीकरही जागे होऊन ऑर्डर देऊ लागल्याच्या तक्रारी आल्या.

खासगीपणाची चिंता हा या विषयाचा गाभा आहे. यंत्र आपले नाव ऐकू येण्याची सतत वाट पाहत असते आणि नाव उच्चारले गेले, असे वाटताच पुढचा आवाज बहुधा कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते. नावासारखा दुसरा शब्द कानी पडला, तरीही असे घडू शकते. 2019 मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांचे काही नमुने माणसे ऐकतात, असे वृत्तमाध्यमांनी उघड केले. त्यानंतर ॲपलने हे काम थांबवले, माफी मागितली आणि पुढे ग्राहकाची स्पष्ट परवानगी आवश्यक केली. मुलांच्या आवाजाची मुद्रणे साठवून ठेवल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने 2023 मध्ये अमेरिकेत 2.5 कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. सिरीने नकळत संभाषणे टिपल्याच्या दाव्यात ॲपलने आरोप अमान्य करत 9.5 कोटी डॉलरची तडजोड केली.

एवढे होऊनही बरेच ग्राहक स्पीकर बंद करत नाहीत. याला खासगीपणाचा विरोधाभास म्हणण्याची पद्धत आहे, पण ती अपुरी आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये 17 वापरकर्ते आणि 17 न वापरणारे यांचा अभ्यास केला. वापरणाऱ्यांपैकी काहींचा सूर ‘आपली माहिती तशीही कंपन्यांकडे आहेच’ असा होता, आणि मायक्रोफोन बंद करण्याचे बटण क्वचितच दाबले जात होते. ते दाबले की हात न लावता काम करून घेण्याची सोयच संपते. न वापरणाऱ्यांना एकतर उपयोग दिसत नव्हता किंवा कंपन्यांवर विश्वास नव्हता. अशा हतबलतेला संमती मानणे अन्यायाचे आहे आणि नकार देणाऱ्यांना मागासलेले समजणेही तितकेच चूक आहे. घरात येणारे पाहुणे, घरकामाला येणाऱ्या बाई, शिकवणीची मुले यांना तर कोणी विचारलेलेच नसते.

उच्चारांचा प्रश्नही दृष्टिकोन घडवतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये पाच मोठ्या कंपन्यांच्या वाक्‌ओळख प्रणाली, म्हणजे बोलणे ऐकून ते शब्दांत टिपणाऱ्या यंत्रणा, तपासल्या, तेव्हा कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात सरासरी 35 टक्के, तर गोऱ्यांच्या बोलण्यात 19 टक्के शब्द चुकीचे टिपले गेले. वारंवार न समजलेला माणूस दोष स्वतःच्या बोलण्याला देतो, आणि ही हानी आकड्यांत मावत नाही.

मराठीत गूगलचे आवाजी टंकलेखन 2017 मध्ये आणि असिस्टंट 2018 मध्ये आले; अलेक्सा 2019 पासून हिंदी बोलू लागली. त्याच वर्षी हिंदी ही असिस्टंटवर जगात दुसऱ्या क्रमांकाने वापरली जाणारी भाषा असल्याचे गूगलने जाहीर केले. देवनागरी कळफलकाशी झगडणाऱ्या ज्येष्ठांना किंवा लिहिण्याची सवय सुटलेल्यांना बोलून शोधता येणे ही मोठी मोकळीक आहे. मात्र ‘पावणेसातला उठव’ किंवा ‘अडीचशेचं रिचार्ज’ अशी रोजची बोली, तीत मिसळलेले इंग्रजी शब्द, मालवणी किंवा वऱ्हाडी वळण यांपुढे यंत्र अडखळले, की माणूस पुस्तकी मराठीकडे किंवा थेट हिंदीकडे वळतो. भरल्या लोकलच्या डब्यात फोनशी बोलण्याचा संकोच वेगळाच. तेथे हातच बरे वाटतात.

सहायकाला मुळात स्त्रीचाच आवाज देण्यावर युनेस्कोने 2019 च्या अहवालात टीका केली होती. ॲपलने 2021 पासून इंग्रजीत आवाजाची निवड ग्राहकावर सोपवली.

2025 मध्ये निर्मितीक्षम, म्हणजे स्वतः नवी वाक्ये रचणाऱ्या, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अलेक्सा प्लस आली आणि गूगलने असिस्टंटच्या जागी त्याच धर्तीचा जेमिनी आणण्याचे जाहीर केले. दीर्घ संभाषण शक्य झाल्यामुळे लोक आजारपण, नाती, अभ्यास यांविषयीही विचारू लागले आहेत, म्हणजे पूर्वी राखून ठेवलेले विषयच आता बोलले जात आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲमेझॉनने काही इको उपकरणांवर असलेला, मुद्रणे सर्व्हरकडे न पाठवण्याचा पर्याय काढून टाकला. भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे, की संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी आणि 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी.