वाट कोणी देईना : फिनलंडच्या हिवाळी युद्धाची पार्श्वभूमी

१९३९ साली फिनलंडची सरहद्द सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडपासून (आजचे सेंट पीटर्सबर्ग) अवघ्या ३२ किलोमीटरवर होती. लांब पल्ल्याची तोफ सरहद्दीवर आणून ठेवली तर शहर माऱ्याच्या टप्प्यात येत होते. मॉस्कोच्या मनातली ही भीती बनावट नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर केलेला हल्ला मात्र या भीतीने समर्थनीय ठरत नाही.

भीतीची मुळे जुनी होती. १८०९ मध्ये रशियाच्या झारने स्वीडनकडून फिनलंड घेतला आणि शंभरावर वर्षे तो स्वायत्त प्रदेश म्हणून साम्राज्यात राहिला. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनी संसदेने स्वातंत्र्य जाहीर केले, आणि महिना संपायच्या आत लेनिनच्याच सरकारने त्याला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये यादवी पेटली. डाव्यांचा पाडाव करायला मदत म्हणून जर्मन सैन्य हांको बंदरात उतरले. १९१९ मध्ये ब्रिटिश टॉर्पेडो बोटींनी क्रोनश्टाट या बोल्शेविकांच्या नौदल तळावर हल्ला केला, तोही फिनलंडच्याच किनाऱ्यावरून. त्यामुळे बोल्शेविकांच्या लेखी फिनलंड हा स्वतः शत्रू असो वा नसो, शत्रू आत शिरण्याचा दरवाजा ठरला. दोन्ही देशांत १९२० मध्ये झालेल्या तार्तू तहाने सरहद्द ठरली, १९३२ मध्ये अनाक्रमणाचा करार झाला, १९३४ मध्ये त्याची मुदत १९४५ पर्यंत वाढवली गेली. कागद चोख होते. संशय गेला नाही.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी सोव्हिएत संघाचे मोलोतोव्ह आणि जर्मनीचे रिबेनट्रॉप या परराष्ट्रमंत्र्यांनी केलेल्या कराराच्या गुप्त कलमांत फिनलंड सोव्हिएत प्रभावक्षेत्रात टाकला होता. फिनलंडला कोणी विचारलेही नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीपासून एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांच्याकडून एकापाठोपाठ एक लष्करी तळ मिळवून झाले आणि ऑक्टोबरमध्ये हेलसिंकीला बोलावणे आले. मुत्सद्दी पासिकिवी यांचे शिष्टमंडळ मॉस्कोला गेले. मागण्या अशा : लेनिनग्राडच्या उत्तरेला, समुद्र आणि लाडोगा सरोवर यांच्यामधल्या कॅरेलियन संयोगभूमीवरची सरहद्द मागे घ्या, फिनलंडच्या आखातातली काही बेटे द्या, हांको तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्या. बदल्यात पूर्व कॅरेलियातला जवळपास दुप्पट मुलूख देऊ केला होता. पण तो नुसता जंगलाचा होता आणि मागितलेल्या जमिनीवर देशाची तटबंदी उभी होती.

थोडे द्यावे, असे पासिकिवी आणि सेनानी मानरहाइम या दोघांचेही मत होते. परराष्ट्रमंत्री एर्को तयार नव्हते. आज मागे वळून एर्कोंना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण चेकोस्लोव्हाकियाने १९३८ मध्ये डोंगरी तटबंदीचा सुडेटन भाग सोडला आणि सहा महिन्यांत देशच उरला नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. तटबंदी सोडून दिल्यावर पुढची मागणी नाकारायची कशाच्या बळावर?

नोव्हेंबरच्या मध्यावर बोलणी फिसकटली. २६ तारखेला सरहद्दीवरच्या मायनिला गावात तोफगोळे पडून आपले सैनिक ठार झाल्याचे मॉस्कोने जाहीर केले. फिनी तोफा तिथपर्यंत पोहोचतील इतक्या जवळ नव्हत्याच. हेलसिंकीने संयुक्त चौकशीची तयारी दाखवली. उत्तर म्हणून दोन दिवसांत अनाक्रमण करार रद्द झाला आणि ३० तारखेला हेलसिंकीवर बॉम्ब पडले.

लेनिनग्राडच्या सुरक्षेपुरताच प्रश्न होता, हा दावा माझ्या मते दुसऱ्याच दिवशी कोसळतो. १ डिसेंबरला तेरियोकी या सरहद्दीवरच्या गावात फिनी कम्युनिस्ट ओटो कूसिनेन यांचे ‘जनता सरकार’ उभे करण्यात आले. हे गृहस्थ १९१८ च्या पराभवानंतर रशियातच राहत होते. मॉस्कोने लगेच त्यांच्याशी करार केला आणि फिनलंडशी आपले युद्ध नसून उलट मैत्री आहे, असे राष्ट्रसंघाला कळवले. ३२ किलोमीटरचे अंतर वाढवायला दुसऱ्या देशाचे आख्खे सरकार बदलावे लागत नाही. शिवाय १९१८ मध्ये हरलेले फिनी कामगार या सरकारामागे येतील हा हिशेबही चुकला. ते आपल्याच देशाच्या सैन्यात भरती झाले.

१४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला काढून टाकले. निषेध जगभर झाला. पण मदत पोहोचायला वाट लागते, आणि वाट दुसऱ्याच्या अंगणातून जात होती. स्वीडनने रायफली, तोफा, पैसा आणि हजारो स्वयंसेवक दिले, पण आपले सैन्य उतरवले नाही. इटलीहून निघालेली विमाने जर्मनीने अडवली. अमेरिकेने सोव्हिएत संघाला विमाने विकू नयेत असे उत्पादकांना आवाहन केले, आणि फिनलंडला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेही शस्त्रे सोडून इतर मालासाठी.

ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मोहिमेचा बेत आखला. मार्ग ठरला नॉर्वेच्या नारविक बंदरातून, उत्तर स्वीडन ओलांडून. याच पट्ट्यात जर्मनीच्या पोलादाला लागणाऱ्या लोहखनिजाच्या खाणी होत्या, आणि मोहिमेचा बराचसा डोळा त्या खाणींवर होता. नॉर्वे आणि स्वीडनने वाट नाकारली. आपल्या भूमीवर महायुद्ध ओढवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना भ्याड म्हणणे मला जमत नाही. तरी त्या नकाराची किंमत फिनी माणसांनी चुकवली, हेही तितकेच खरे.

कारण रणांगणावर तोवर फिनी सैन्याने सगळ्यांना थक्क केले होते. सुओमुस्साल्मीच्या बर्फात आणि राते रस्त्यावर सोव्हिएत डिव्हिजनी तुकड्यातुकड्यांनी कापल्या गेल्या. पण पस्तीस-सदतीस लाखांचा देश किती काळ टिकणार? फेब्रुवारीत सोव्हिएत सेनापती तिमोशेंको यांच्या नव्या हल्ल्याने सुम्मा येथे संयोगभूमीवरची तटबंदी, म्हणजे मानरहाइम फळी, फुटली. १२ मार्च १९४० रोजी मॉस्कोत तह झाला. १०५ दिवसांत फिनलंडचे सुमारे २५ हजार लोक मेले, सोव्हिएत बाजूचे सव्वा लाखाहून अधिक. वीपुरी शहर आणि कॅरेलिया गेला. चार लाखांवर माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली.

मदत वेळेवर न केल्याच्या रोषात त्याच महिन्यात फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए यांना पायउतार व्हावे लागले. कॅरेलिया परत मिळवायची आस धरलेला फिनलंड जून १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला. लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा दक्षिणेला जर्मन होते आणि उत्तरेला, जवळपास त्याच जुन्या सरहद्दीवर, फिनी सैन्य उभे होते.